सत्तरचे दशक : दुष्काळ, विद्रोह आणि नामांतर यांच्यामागचा महाराष्ट्र

महाराष्ट्रात १९७० ते १९८० या दहा वर्षांत जे घडले, त्याची आठवण आज तुकड्यातुकड्यांनी काढली जाते. बहात्तरच्या दुष्काळाचे बोलणारे दलित पँथर या तरुणांच्या संघटनेविषयी बोलत नाहीत, आणीबाणीतल्या तुरुंगवासाचे सांगणारे रोजगार हमीपाशी थांबत नाहीत, आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा इतिहास लिहिणारे तो बहुधा २७ जुलै १९७८ पासूनच सुरू करतात. प्रत्यक्षात ही एकाच पिढीची आणि बऱ्याच अंशी एकाच कारणमालिकेची हकिकत आहे. ही पिढी घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजपर्यंत पोचली होती, राज्यघटनेत काय लिहिले आहे ते तिने स्वतः वाचले होते, आणि सुट्टीत गावी गेल्यावर त्यातले काहीच तिला तिथे दिसत नव्हते. त्या दशकातला बहुतेक संताप या अंतरातून आला.

या तरुणांचा जन्म साधारणपणे स्वातंत्र्याच्या आगेमागे झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले होते, आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय. औरंगाबादची निवड विचारपूर्वक होती. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या महारवाड्यांत एक वेगळाच निर्धार आला. मेलेली जनावरे ओढणे बंद झाले, येसकरकी, म्हणजे परंपरेने लादलेली गावाची चाकरी, सुटली, पोरे शाळेत जाऊ लागली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, प्राथमिक शाळांचे जाळे वाढले, सरकारी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे यांच्या आधाराने काही मुले शहरात पोचली. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे असेच एक वसतिगृह. पुढे पँथरमध्ये दिसणारे अनेक चेहरे तिथल्या खोल्यांतून राहिलेले किंवा तिथे येऊनजाऊन असलेले होते.

शिकलेल्या मुलांना नोकऱ्या मात्र त्या प्रमाणात मिळत नव्हत्या, आणि ही कोंडी केवळ दलित तरुणांची नव्हती. १९ जून १९६६ रोजी मुंबईत शिवसेनेची स्थापना झाली ती याच बेकारीच्या पार्श्वभूमीवर, फक्त तिथे रोख परप्रांतीयांवर आणि नंतर कम्युनिस्टांवर वळला. जून १९७० मध्ये परळ भागातले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार निवडून आले. गिरणगावातल्या त्याच चाळींतून, त्याच वयाची मुले एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जात होती. या दशकाकडे केवळ पुरोगामी चळवळींचे दशक म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रस्त्यावर येण्याआधी हा असंतोष कागदावर आला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर 'शब्द'पासून सुरू झालेली अनियतकालिकांची चळवळ साठोत्तरी काळात जोरात होती. अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', राजा ढाले यांचे 'येरू' अशी ही नावे. या अंकांना ठरलेली तारीख नसे, जाहिराती नसत, मानधनाचा तर प्रश्नच नव्हता. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाईलवर प्रती काढून, मित्रांनी त्या हातोहात वाटायच्या अशी रीत होती. शाई पसरलेली असे, पाने कमीजास्त कापलेली असत, पण संपादकाच्या पसंतीवाचून छापता येते हा शोध त्यातून लागला आणि तो मोठा होता. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्यासोबतच्या तरुणांनी गिरगावातल्या खटाववाडीत 'सत्यकथा' मासिकाच्या अंकाची होळी केली. त्या काळी मराठीतले सर्वांत प्रतिष्ठेचे वाङ्मयीन मासिक तेच होते. अंक जाळण्याचे समर्थन मला करता येत नाही. मात्र साहित्यातल्या मक्तेदारीविरुद्धचा तो राग तीन वर्षांनी गावातल्या मक्तेदारीविरुद्ध उभा राहिला, तेव्हा माणसे पुष्कळशी तीच होती. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या 'अस्मितादर्श'ने त्याच सुमारास दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले.

१९७२ हे या दशकाचे कळीचे वर्ष. पाऊस आधीची दोन वर्षे दगा देत होताच, बहात्तरमध्ये त्याने राज्याच्या मोठ्या भागाकडे पाठच फिरवली. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे मातीमोल भावाने बाजारात गेली. वसंतराव नाईक यांच्या सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली आणि मे १९७३ मध्ये या कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामे होती, पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते खडी फोडण्याचे. रणरणत्या उन्हात बायका रांगेने बसून हातोडीने दगड फोडत, फुटलेल्या खडीचा ढीग मोजला जाई आणि त्या मापावर मजुरी ठरे. माप कमी भरले म्हणून पैसे कापले जात, हजेरीपटावर नाव चढायला दिवस लागत, पगार आठवडेच्या आठवडे रखडत. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक आहार मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. त्याच्या भाकरीची चव अजून अनेक घरांत आजी सांगते.

त्या कामांवर दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा पुढच्या राजकारणाशी थेट संबंध आहे. एक म्हणजे जमीन असलेला शेतकरी आणि भूमिहीन दलित मजूर प्रथमच एकाच हजेरीपटावर आले. दुसरी म्हणजे सरकारकडे काम मागता येते, ते न मिळाल्यास तहसील कचेरीवर मोर्चा नेता येतो, हे लाखो लोकांनी प्रत्यक्ष अनुभवले. लाल निशाण पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी दुष्काळी मजुरांना संघटित केले ते याच काळात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दबावाखाली राज्यभर राबवली गेली. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावण्यात आला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कायदेशीर बंधन ठरवणारा असा कायदा देशात पहिलाच होता. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचे मूळ इथे आहे. माझ्या मते त्या दशकाची सर्वांत टिकाऊ कमाई हीच, आणि तिच्यामागे पागे यांच्या चिकाटीइतकेच खडी फोडणाऱ्या बायकांचे मोर्चे होते.

दुष्काळाची झळ शहरात महागाईच्या रूपाने पोचली. रॉकेल, साखर, तेल, तांदूळ यांची टंचाई झाली आणि रेशनच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागू लागल्या. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. वेगवेगळ्या पक्षांच्या या बायका एका मंचावर आल्या आणि त्यांनी घरातली लाटणी बाहेर काढली. लाटणे मोर्चा हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. थाळ्या बडवीत मंत्रालयावर जाणाऱ्या या मोर्च्यांत अशा असंख्य गृहिणी होत्या, ज्या त्याआधी कधी सभेलाही गेल्या नव्हत्या.

खेड्यात त्याच वर्षी दलितांवरील अत्याचारांच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगाव येथे दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्याला दलितांवर बहिष्कार टाकण्यात आला. १९७० मध्ये संसदेपुढे आलेल्या इलायापेरुमल समितीच्या अहवालाने अस्पृश्यता देशभर किती घट्ट रुतून आहे हे आधीच दाखवून दिले होते. ज्या रिपब्लिकन पक्षाने याविरुद्ध उभे राहायचे, तो गटातटांत विभागला होता. त्याने १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह करून दाखवला होता. मात्र दादासाहेबही डिसेंबर १९७१ मध्ये गेले. उरलेल्या पुढाऱ्यांकडून तरुणांना आशा राहिली नव्हती.

मे १९७२ च्या अखेरीस नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथरची कल्पना पुढे आणली. राजा ढाले, अर्जुन डांगळे, भाई संगारे, अविनाश महातेकर असे तरुण तिच्याशी जोडले गेले. नाव अमेरिकेतल्या ऑकलंड शहरात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते, पण संघटना होती ती इथल्या चाळी, झोपडपट्ट्या आणि वसतिगृहे यांतून आलेली. ढसाळ कामाठीपुऱ्याजवळच्या वस्तीत वाढले होते आणि टॅक्सी चालवून पोट भरत होते. त्यांचा 'गोलपिठा' हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. अत्याचाराची बातमी आली की पँथरचे कार्यकर्ते त्या गावात जाऊन उभे राहत. त्यांच्याकडे पैसा नव्हता, कार्यालय नव्हते. गावातल्या दलित वस्तीला मुंबईहून कोणी तरी आपल्यासाठी आले आहे याचा जो धीर मिळे, तेच त्यांचे बळ होते.

पँथरचे नाव घरोघरी पोचवले ते एका लेखाने. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 'साधना' साप्ताहिकाने १५ ऑगस्ट १९७२ रोजी दलित लेखकांचा विशेषांक काढला. त्याचे संपादन अनिल अवचट यांनी केले होते. त्या अंकातल्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखात ढाले यांनी राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी शिक्षा यांची तुलना केली आणि राष्ट्रध्वजाविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले. प्रचंड गदारोळ झाला. दुर्गा भागवत यांनी जाहीर निषेध केला, साने गुरुजींनी काढलेल्या साप्ताहिकाने असे छापावे याचे अनेकांना दुःख झाले, साधना कार्यालयावर मोर्चा आला आणि 'साधना'च्या बाजूने पँथरचे तरुणही पुण्यात दाखल झाले. चर्चा बहुतेक ध्वजाविषयीच्या शब्दांची झाली. ज्या दोन शिक्षांची तुलना त्या लेखात होती, तिच्याविषयी फारच थोडे बोलले गेले, आणि ही गोष्ट पन्नास वर्षांनंतरही सलते.

१९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरने दलित या शब्दाची व्याप्ती वाढवली. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक किंवा धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे त्यात घेतले. पेच इथेच पडला. ढाले यांना यात मार्क्सवादाची छाया दिसत होती आणि चळवळ फुले-आंबेडकर-बुद्ध यांच्या विचारावरच उभी राहावी असा त्यांचा आग्रह होता. मतभेद वाढत असतानाच मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक आली. पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या सभेवर हल्ला झाला, दंगल उसळली आणि १० जानेवारीच्या मोर्च्यात परळला भागवत जाधव हा कार्यकर्ता वरून टाकलेल्या दगडाने मारला गेला. निवडणुकीत काँग्रेस उमेदवार पडला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. बहिष्काराची ताकद दिसली, पण त्याच वर्षात संघटना फुटली. ढाले यांनी मार्च १९७७ मध्ये ती विसर्जित केल्याचे जाहीर केले, तर अरुण कांबळे, रामदास आठवले आदींनी भारतीय दलित पँथर नावाने काम पुढे नेले.

पँथरच्या आगेमागे इतरही प्रवाह होते. कुमार सप्तर्षी यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेले युवक क्रांती दल, डॉ. बाबा आढाव यांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम, हमीद दलवाई यांनी मार्च १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांतून शेकडो तरुण घडले. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला अंबरसिंग महाराजांच्या प्रेरणेने भिल्ल आदिवासी गेलेल्या जमिनी परत मागू लागले होते. शहरातून गेलेले काही तरुण त्यांना येऊन मिळाले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. तिथल्या आदिवासी बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे उभे केले. पुण्यात १९७५ मध्ये झालेल्या स्त्रीमुक्ती संघर्ष परिषदेत अशा ग्रामीण स्त्रिया शहरातल्या शिकलेल्या स्त्रियांच्या शेजारी बसल्या होत्या.

ही परिषद झाली तेव्हा देशात आणीबाणी होती. गुजरातचे नवनिर्माण आंदोलन, बिहारमधली जयप्रकाश नारायण यांची चळवळ, मे १९७४ चा जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा रेल्वे संप यांनंतर २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली. येरवडा, नाशिक रोड, ठाणे येथील तुरुंग समाजवादी, संघाचे आणि डाव्या संघटनांचे कार्यकर्ते यांनी भरले. दलित चळवळीची भूमिका इथे एकमुखी नव्हती. ढसाळ यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. वीस कलमी कार्यक्रमातून भूमिहीनांना काही मिळेल असे वाटणारा मोठा वर्ग होता, आणि त्याला केवळ संधिसाधू म्हणणे न्यायाचे होणार नाही.

या काळातला एक प्रसंग मराठी वाचकांच्या मनात ठसला आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. तुरुंगातून सुटलेले जयप्रकाश तेव्हा आजारी होते आणि मुंबईत रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरूनच सगळ्यांना उभे राहून त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले, आणि मंत्र्यांसह सारा मंडप उभा राहिला. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. तीन वर्षांपूर्वी 'साधना'च्या अंकावरून तरुण दलित लेखकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई त्या याच. या दशकातल्या माणसांना एका रकान्यात बसवू पाहणाऱ्याची अशी पंचाईत होते.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारताप्रमाणे महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली नाही. ४८ पैकी २० जागा तिने राखल्या. पण एकछत्री सत्ता मोडली. पाण्याच्या आंदोलनांमुळे 'पानीवाली बाई' म्हटल्या जाणाऱ्या मृणाल गोरे मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी पडल्या आणि 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा गाजली. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीनंतर फुटीतून झालेल्या दोन काँग्रेस पक्षांनी मिळून वसंतदादा पाटील यांचे सरकार बनवले. ते काही महिन्यांतच पडले. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार वयाच्या अडतिसाव्या वर्षी पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारचे मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष असे दशकभर रस्त्यावर असलेले पक्ष आता सत्तेत होते.

नऊच दिवसांनी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. मराठवाड्यात शिक्षणाचे दार ज्यांनी उघडले त्यांचे नाव तिथल्या विद्यापीठाला असावे ही मागणी दलित विद्यार्थी संघटना करीतच होत्या. ठरावानंतर त्या वेळच्या पाचही जिल्ह्यांत हिंसाचार उसळला. विद्यार्थ्यांचे बंद आणि रास्ता रोको यांपासून सुरू झालेली गोष्ट काही दिवसांत गावांत शिरली. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, धान्य आणि भांडीकुंडी लुटली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, हजारो माणसे जीव मुठीत धरून शहरांकडे पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले.

एका नावावरून एवढे का पेटले, याचे उत्तर मागच्या सात-आठ वर्षांत आहे. ज्यांनी गावकीची कामे सोडली होती, ज्यांची मुले औरंगाबादला शिकत होती, ज्यांनी गायरानाचा एखादा तुकडा कसायला घेतला होता आणि ज्यांना रोजगार हमीमुळे पाटलाच्या शेतावर पडेल त्या मजुरीत राबण्याची गरज उरली नव्हती, अशी घरे गावाच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होती. मागासलेपणाचा आणि बेकारीचा प्रश्न सवर्ण तरुणांपुढेही होता, १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन त्यातूनच झाले होते. पण नोकऱ्या आणि राखीव जागा यांच्याविषयीची त्यांची नाराजी सरकारऐवजी शेजारच्या वस्तीवर निघाली. विद्यापीठाच्या नावाने त्या रागाला निमित्त मिळाले. प्रदेशाची अस्मिता हे कारण पुढे केले जात होते आणि काही जण ते मनापासूनही मानत असतील, तरी दूरच्या खेड्यातली झोपडी जाळण्याशी त्याचा काही संबंध लागत नाही.

सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली. त्यामुळे नामांतर हा एका पिढीच्या स्वाभिमानाचा प्रश्न झाला. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला आणि मोठ्या संख्येने लोकांना अटक केली. सत्याग्रह, तुरुंग, पुन्हा सत्याग्रह असे हे आंदोलन ठरावापासून जवळपास सोळा वर्षे चालले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

दशकाच्या सुरुवातीचे आणखी एक प्रकरण अखेरीस असेच वर आले. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली होती. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले, पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८० च्या सुरुवातीला मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांत लाटणे मोर्च्यातल्या बायका होत्या, शहाद्याला काम करून आलेल्या मुली होत्या, वसतिगृहांतून शिकलेल्या विद्यार्थिनी होत्या. १९८३ मध्ये फौजदारी कायदा आणि पुराव्याचा कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्काराला वेगळी व कडक शिक्षा ठरली आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले तर ते खरे धरून चालावे, असे कलम आले.